स्पेशल जज्ज रानडे कर्जाच्या दाव्यात नेमकं काय तपासत?

प्रश्न थोडक्यात असा: इंदापूर तालुक्यातल्या एका घराच्या दप्तरात १८८८ च्या सुमाराचा कर्जाच्या दाव्याचा कागद सापडला आहे. त्यावर ‘रावबहादुर महादेव गोविंद रानडे, स्पेशल जज्ज’ असा उल्लेख आहे. रानडे तर हायकोर्टाचे न्यायमूर्ती. मग साठ-सत्तर रुपयांच्या दाव्याशी त्यांचा संबंध काय? कागद बनावट तर नाही? आणि हे ‘स्पेशल जज्ज’ प्रकरण काय होतं?

कागदाचा काळ आणि पद दोन्ही जुळतात, त्यामुळे एवढ्यावरून तरी शंकेला जागा नाही. रानडे हायकोर्टात गेले ते नोव्हेंबर १८९३ मध्ये, काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागेवर. १६ जानेवारी १९०१ ला ते वारले. म्हणजे ज्या पदामुळे त्यांच्या नावामागे ‘न्यायमूर्ती’ कायमचं चिकटलं, ते पद त्यांच्याकडे जेमतेम सात वर्षं होतं. त्याआधीची बावीस वर्षं ते खालच्या कोर्टांत होते, आणि न्यायाधीश म्हणून त्यांचं सगळ्यात कष्टाचं काम याच काळातलं आहे. चरित्रांत सामाजिक परिषद, प्रार्थना समाज, अर्थशास्त्रावरचे निबंध यांना भरपूर जागा मिळते. रोजच्या कचेरीला एखादा परिच्छेद. म्हणून उत्तर थोडं लांबवतो.

नोकरीचा क्रम आधी सांगून टाकू. जन्म निफाडचा, १८ जानेवारी १८४२. बालपण आणि सुरुवातीचं शिक्षण कोल्हापुरात, पुढचं मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये. १८६६ मध्ये एल.एल.बी. मग भाषांतरकार, अक्कलकोट संस्थानात कारभारी, कोल्हापूर संस्थानात न्यायाधीश, एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक अशा छोट्या छोट्या नेमणुका झाल्या. नोव्हेंबर १८७१ मध्ये पुण्याला पहिल्या वर्गाचे सबजज्ज, म्हणजे दुय्यम दिवाणी न्यायाधीश, म्हणून आले आणि तिथे स्थिरावले. सार्वजनिक सभा त्याआधीच, एप्रिल १८७० मध्ये, स्थापन झाली होती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, पुढे उभे राहत आणि रानडे मागून मसुदे पुरवत. सरकारी नोकराला उघडपणे पुढारीपण करता येत नसे. याची किंमतही पडली. १८७८ मध्ये नाशिकला बदली, १८७९ मध्ये धुळ्याला. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे आणि पुण्यात बुधवारवाडा व विश्रामबागवाडा पेटल्याचे ते दिवस. पुण्याच्या शिकलेल्या मंडळींवर सरकारचा वहीम होता आणि रानड्यांचं टपालसुद्धा त्यातून सुटलं नाही. १८८१ मध्ये वहीम ओसरला आणि त्यांची नेमणूक पुणे-सातारा भागासाठी स्पेशल जज्जाचे मदतनीस म्हणून झाली. मध्ये काही काळ पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टात, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, काढला आणि १८८७ मध्ये डॉ. पोलन यांच्या जागी ते स्वतः स्पेशल जज्ज झाले. तुमचा कागद या शेवटच्या टप्प्यातला.

आता हे पद कशासाठी निघालं ते पाहू. १२ मे १८७५ ला भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी बाजाराच्या ठिकाणी जमलेल्या लोकांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. लोकांना मुख्यतः रोखे, खतं आणि चोपड्या हव्या होत्या. कागद हाती दिले तर सावकाराला सहसा धक्का लागत नसे, नाही दिले तर घर पेटे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला आलेला भाव १८६५ नंतर कोसळला होता. त्याच सुमारास, १८६७ पासून, इंदापूर भागापासून फेरआकारणी सुरू होऊन सारा वाढला होता. सावकाराने उधारी आखडली आणि जुन्या येण्यासाठी कोर्ट गाठलं. सरकारने चौकशी कमिशन बसवलं, आणि त्यातून १८७९ चा सतरावा कायदा झाला. इंग्रजी नावाचा अर्थ दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा असा होतो. जुन्या वकिली बोलीत नुसता ‘रिलीफ ॲक्ट’. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत तो १ नोव्हेंबर १८७९ पासून लागू झाला. स्पेशल जज्ज हे त्यावर देखरेख करणारं पद.

या कायद्याचं मर्म बाराव्या आणि तेराव्या कलमात आहे. त्याआधी दिवाणी कोर्ट फक्त शेवटचा रोखा पाही: सही किंवा निशाणी कबूल आहे का, मुदत टळली नाही ना, की झाला हुकूमनामा, म्हणजे वसुलीचा निकाल. बरेच दावे एकतर्फी निघत, कारण समन्स कुळापर्यंत, म्हणजे कर्जदार शेतकऱ्यापर्यंत, पोचतच नसे किंवा पोचलं तरी हातचं पीक सोडून तालुक्याला जायला कुणी धजत नसे. नव्या कायद्याने कोर्टावरच बोजा टाकला. प्रतिवादीला समोर बोलवायचं, त्याला स्वतः विचारायचं आणि व्यवहाराच्या अगदी पहिल्या दिवसापासून हिशेब उलगडायचा. मध्ये दोघांनी बसून आकडा ठरवला असेल, नवा रोखा झाला असेल, तरी त्याच्या मागे जायचं. प्रतिवादीने रक्कम कबूल केली तरी ती खरी आहे आणि आपले हक्क समजून दिलेली आहे अशी कोर्टाची खात्री पटल्याशिवाय ती धरायची नाही.

हिशेब कसा करत ते आकड्यांत पाहू, कारण तुमच्या कागदावर असाच काहीतरी तक्ता असणार. आकडे कल्पित आहेत, रीत खरी.

सावकाराने ७५ रुपयांचा रोखा लिहून घेतला आणि १५ रुपये आगाऊ कापून कुळाच्या हातात ६० ठेवले. व्याज दरमहा शेकडा २. तीन वर्षांत ७५ वर ५४ रुपये व्याज चढलं. तेव्हा साध्या रोख्याच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची, म्हणून ती संपण्याआधी रोखा बदलला: नवी मुद्दल १२९. दरम्यान कुळाने खळ्यावरून ३३ रुपयांचं धान्य घातलं होतं, पण रोखा बदलताना ते ‘मागच्या किरकोळ बाकीत’ जिरलं. पुढच्या तीन वर्षांत १२९ वर ९२ रुपये १४ आणे व्याज. दावा आला २२१ रुपये १४ आण्यांचा. इथे दामदुप्पट, म्हणजे व्याज मुद्दलाहून जास्त मागता येत नाही हा जुना नियम, तोही कुळाच्या मदतीला येत नाही, कारण व्याज मुद्दलाहून जास्त झालेलं नाही. दर तीन वर्षांनी मुद्दल नवी होत गेली की दामदुप्पट कधी गाठलीच जात नाही. रोखा बदलण्यामागचं खरं गणित हेच.

आता तेराव्या कलमाने. मुद्दलीचं खातं वेगळं, व्याजाचं वेगळं. मुद्दलीत फक्त हाती पडलेली रक्कम, म्हणजे ६०. साचलेलं व्याज मुद्दलीत मिसळायचं नाही. व्याज सरळ, कोर्टाला वाजवी वाटेल त्या दराने. दरसाल शेकडा १० धरू. तीन वर्षांचं व्याज १८. त्या वेळी आलेल्या ३३ रुपयांतून आधी हे १८ भागवायचे, उरलेले १५ मुद्दलीतून वजा करायचे. मुद्दल राहिली ४५. पुढच्या तीन वर्षांचं व्याज साडेतेरा. एकूण येणं ५८ रुपये ८ आणे.

म्हणजे २२१ रुपये १४ आण्यांच्या जागी साडेअठ्ठावन्न. हा फरक पाहून पुष्कळांना वाटतं की रानडे आणि त्यांच्यासारखे न्यायाधीश कुळाच्या बाजूने झुकत होते. तसं नव्हे. सावकाराने खरोखर दिलेली पै न् पै त्यात धरलेली असते. उलट मुदतीच्या बाबतीत या कायद्याने सावकारालाच सवलत दिली: साध्या व्यवहाराला सहा वर्षं आणि नोंदलेल्या लेखाला बारा. हेतू हाच की नुसती मुदत वाचवायला रोखे बदलत बसण्याची गरज उरू नये.

हुकूमनाम्यानंतरचे नियमही बदलले. पैशाच्या हुकूमनाम्यावर शेतकऱ्याला कैद करता येईना. जमीन नावानिशी गहाण दिलेली नसेल तर जप्ती आणि लिलाव बंद. रक्कम हप्त्यांनी फेडायची सोय कोर्ट देऊ शके, आणि गहाण सोडवण्याच्या दाव्यातही हप्ते मिळत. शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत वकील घेऊन यायला सर्वसाधारणपणे मनाई होती. वकिलांना हे किती रुचलं असेल ते वेगळं सांगायला नको.

मग स्पेशल जज्ज काय करे? मुख्य मुद्दा असा की या दाव्यांना अपील नव्हतं. खर्च आणि हेलपाटे वाचावेत म्हणून कायद्याने ते काढून टाकलं आणि त्याच्या जागी देखरेख ठेवली. चुकीचा निकाल सुधारण्याची वाट आता एकच: वरिष्ठाने स्वतः दफ्तर मागवून पाहणं. त्यामुळे अर्ज आला तर, आणि अर्ज नसला तरी तपासणीत खटकलं तर, स्पेशल जज्ज काम मागवून घेई, निकालात दुरुस्ती करी किंवा फेरचौकशीला परत पाठवी. तुमच्या कागदावर रानड्यांचं नाव आलं ते या फेरतपासणीमुळे असण्याचा संभव जास्त. पुराव्याला ते स्वतः बसले असतील असं गृहीत धरू नका. साक्षी तालुक्याच्या सबजज्जापुढेच झाल्या असणार.

ही तपासणी पुण्यात बसून होत नसे. वर्षाचा मोठा भाग फिरतीचा. बैलगाडीने मुक्काम हलवत एकेका तालुक्याचं कोर्ट गाठायचं, दाव्यांची नोंदवही घ्यायची, निकाली कामं उघडायची. अनुभवी डोळा काही ठरावीक जागीच जातो: प्रतिवादीची जबानी खरोखर घेतली आहे की छापील साच्यात नाव भरलं आहे, हिशेब पहिल्या देण्यापासून आहे की मधल्या रोख्यापासून, धान्य, कडबा, बैल अशी वस्तूंतली फेड कोणत्या भावाने धरली, एकतर्फी निकालांचं प्रमाण एका कोर्टात शेजारच्यापेक्षा का जास्त, हप्त्यांची तारीख पीक हाती येण्याच्या आधीची तर नाही. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण आषाढात हप्ता लावला तर कुळ तो चुकवणारच आणि पुढची दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीचा अर्ज, ठरलेली. रानड्यांची दृष्टी या काळात अधू होती, वाचन बरंचसं दुसऱ्याकडून ऐकून चाले. घरचं वाचन पत्नी रमाबाई करत आणि फिरतीवरही बरोबर असत. हे लक्षात घेतलं की या कामाचा बोजा कळतो. वर्षअखेर सगळ्या जिल्ह्यांचा अहवाल सरकारला जाई तो निराळाच.

याच फिरतीत त्यांचं सार्वजनिक कामही होई. मुक्कामाच्या गावी वाचनालय, मुलींची शाळा, लवाद कोर्ट यांची चौकशी, व्याख्यान, वर्गणी. लवाद कोर्टांचा त्यांना फार ओढा होता. दिवाणी कोर्टात आलेला दावा कितीही नीट चालवला तरी दोन घरं कायमची तुटतात, ते गावातच मिटावं ही त्यामागची कल्पना. न्यायाधीशानेच कोर्टाबाहेर मिटवा म्हणणं तेव्हा अनेकांना चमत्कारिक वाटलं. मला ते त्यांच्या कचेरीतल्या अनुभवाला धरूनच वाटतं.

आता कायदा कुठे फसला ते. पहिली ढासळलेली जागा म्हणजे कन्सिलिएटर, समेट घडवून आणणारा गावोगावचा प्रतिष्ठित माणूस. शेतकऱ्यावर दावा लावण्याआधी त्याच्याकडे जाऊन ‘समेट झाला नाही’ असा दाखला आणणं सक्तीचं होतं. समेट झाला तर करारनामा कोर्टाकडे जाई आणि महिन्याच्या आत हरकत आली नाही तर त्याला हुकूमनाम्याचं बळ येई. घोटाळा इथेच. बाराव्या-तेराव्या कलमाची झाडाझडती कोर्टात होती, कन्सिलिएटरच्या ओट्यावर नव्हती. त्यामुळे सावकाराने कुळाला पटवून तिथेच जुना फुगवलेला आकडा कबूल करून घेतला की सगळी खबरदारी बाजूला राही. कन्सिलिएटर कधी सावकाराच्या मुठीतला, कधी नुसताच निष्काळजी. म्हणून असा करारनामा फेरतपासणीत आला तर आकड्याच्या मागे काही हिशेब जोडला आहे का, हे आधी पाहावं लागे.

दुसरी वाट खरेदीखताची. गहाण धरलं की हिशेब उलगडणार, म्हणून सावकार गहाणाऐवजी खरेदीखतच मागू लागले. ‘पैसे आणून दे, जमीन परत देतो’ हे तोंडी. कागदावर ती निखळ विक्री. हा व्यवहार मुळात गहाणच होता असं तोंडी पुराव्याने सिद्ध करायचा रस्ता १८९९ च्या प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील कोर्टाच्या, निकालाने अरुंद केला, आणि अखेर १९०७ मध्ये कायद्यात दहा-अ हे कलम घालून तो मोकळा करावा लागला. तोवर किती जमिनी अशा गेल्या असतील!

तिसरी भानगड ‘शेतकरी कोण’ याची. सवलत शेतीवर मुख्यतः पोट भरणाऱ्याला होती, म्हणून दुकानदार, वतनदार, नोकरदारही शेतकरी बनून उभे राहत. अनेक दाव्यांत पहिला वादाचा मुद्दा हाच असतो. तुमच्या कागदात प्रतिवादीच्या धंद्याची लांबलचक चौकशी दिसली तर ती विषयांतर नाही, पुढचा सगळा हिशेब तिच्यावरच अवलंबून होता.

गाव-रजिस्ट्रारची व्यवस्था मात्र कामाची निघाली असं माझं मत. शेतकऱ्याने करून दिलेला कर्जाचा लेख त्याच्यासमोर झाल्याशिवाय कोर्टात चालत नसे. मजकूर वाचून दाखवायचा, मोबदला काय आणि कसा दिला ते पूर्ण लिहायचं, आधीचे रोखे हजर करायचे, नक्कल वहीत ठेवायची. खोटा रोखा रचणं यामुळे बरंच अवघड झालं. पावती, सालाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्कही कुळाला मिळाला, पण मागणार कोण? पुढच्या पेरणीला त्याच सावकाराच्या दारात जायचं असे.

हे रानड्यांना चांगलं ठाऊक होतं. कायद्याने जुनं कर्ज खरडून काढता येतं, नवं स्वस्त कर्ज मिळत नाही. म्हणून विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली तेव्हा रानडे तिच्या पाठीशी होते. व्हाइसरॉय रिपनच्या सरकारने ती उचलून धरली, लंडनने मोडीत काढली. दुसरीकडे जमीन विकायलाच बंदी घालावी या मताचे ते नव्हते. भांडवल आणि चिकाटी असलेल्या हातांत जमीन जाणं त्यांना अटळ वाटे. आज हे वाचताना खटकतं, तेव्हाही खटकलं होतं. १८८५ मध्ये शेतकऱ्यांची स्थिती सुधारल्याच्या त्यांच्या मतावर जोतीराव फुल्यांनी ‘इशारा’ लिहून कडक उत्तर दिलं. साडेअठ्ठावन्न रुपयांचा न्याय्य हिशेब देणारा न्यायाधीश आणि शेतकऱ्याचं दैन्य पुरतं न दिसलेला अर्थशास्त्री, ही दोन्ही एकाच माणसाची रूपं आहेत, आणि एकाने दुसरं झाकू नये.

कागद वाचण्याविषयी थोडं. मजकूर मोडीत असेल तर आधी फक्त तारखा आणि रकमा उतरवून घ्या. शक असेल तर ७८ मिळवा, फसली, म्हणजे महसुली साल, असेल तर ५९०. शक १८१० आणि फसली १२९८ दोन्ही १८८८-८९ कडे येतात. रकमेनंतरच्या उभ्या रेघा पूर्णविराम समजून सोडू नका: एक रेघ पाव रुपया, दोन अर्धा, तीन पाऊण. ‘५८॥’ म्हणजे ५८ रुपये ८ आणे. मग कागद कोणता ते ठरवा. फिर्याद, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), जबानी, हुकूमनामा, करारनामा आणि दरखास्त हे सहा वेगळे प्रकार आहेत. फिर्यादीतली रक्कम ही मागणी असते, निकाल नव्हे. घराण्यांच्या इतिहासात ‘आमच्यावर एवढं कर्ज होतं’ असं जे लिहिलं जातं ते बहुधा फिर्यादीवरून, आणि म्हणून फुगलेलं.

दाव्याचा क्रमांक आणि साल ही जोडी सगळ्यात मोलाची. ती मिळाली तर संबंधित कोर्टाच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करता येतो, मात्र इतक्या जुन्या पैशाच्या दाव्यांची दफ्तरं नियमानुसार नष्ट केलेली असण्याचीच शक्यता धरून चला. जमीन गुंतलेली असेल तर दुय्यम निबंधकांकडच्या जुन्या सूचीत लेख सापडू शकतो. स्पेशल जज्जांचे वार्षिक अहवाल पाहायचे तर मुंबईच्या पुराभिलेखागारात न्याय खात्याचे खंड मागवा, १८८७ ते १८९३ ही वर्षं सांगून. त्यात तुमच्या कागदातल्या माणसांचं नाव मिळण्याची आशा ठेवू नका, पण इंदापूरच्या कोर्टाविषयी त्या वर्षी काय शेरा मारला होता ते मिळू शकेल. आणि मूळ कागदाला टेप लावू नका, घडीवर फाटला असेल तर तसाच दोन कोऱ्या कागदांत ठेवून आधी फोटो काढा, पाठीमागचाही, कारण तपासणीचे शेरे पुष्कळदा पाठीवर असतात.